नाटक कोण थांबवतं?

बंदी : सरकारी हुकूम. इंग्रजांनी १८७६ साली केलेला नाट्यप्रयोग कायदा रद्द झाला थेट जानेवारी २०१८मध्ये! कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’वर १९१०मध्ये बंदी आली. कथा महाभारतातली, पण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसत होता.

परिनिरीक्षण : प्रयोगाआधी संहितेची तपासणी. महाराष्ट्रात हे काम रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं. १९७२मध्ये तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’वर मंडळाची कात्री चालली. दिग्दर्शक कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले.

माघार : हुकूम नसतो, तरी पडदा पडतो. ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात झाला. नाना फडणवीसांच्या चित्रणावरून वादळ उठलं. १९ प्रयोगांनंतर नाटक थांबवलं ते ना सरकारनं, ना मंडळानं. ते बसवणाऱ्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशननंच. बाहेर पडलेल्या कलावंतांनी १९७३मध्ये थिएटर अकॅडमी काढून ते पुन्हा उभं केलं. १९८०मध्ये ते युरोपातही गाजलं.

कॅन्सल कल्चर : समाजमाध्यमांवरून होणारा सामूहिक बहिष्कार. रोख कलाकृतीपेक्षा बहुधा व्यक्तीवर. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी शब्दकोशानं २०१९चा शब्द म्हणून हाच निवडला होता.