दौतीची किंमत

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत घर आवरताना आमच्या दादाजानांचे कलमदान हाती लागले. लांबट पितळी डबी आणि तिच्या टोकाला जोडलेली झाकणाची दौत. डबीत दोन बोरू होते, दौतीच्या तळाशी वाळलेला रेशमाचा बोळा. उर्दूत त्याला सूफ म्हणतात. सूफ शाई धरून ठेवतो. बोरूला शाई बेताचीच लागते आणि त्याचे टोकही बिघडत नाही.

भाईजानला मुलीच्या कॉलेजच्या फीची काळजी होती. त्याने ते कलमदान जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याला दाखवले. व्यापारी म्हणाला, "पितळेच्या भावाहून थोडे जास्त देईन. फ्रेंच असते, वर एखादी मूर्ती असती, तर गोष्ट वेगळी."

फ्रेंच दौतींचा थाट वेगळा, हे खरेच. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पॅरिसचे कारागीर कांस्याच्या दौती ओतत. त्यांवर बालके, पशुपक्षी, पुराणकथांतील स्त्री-पुरुष असत. सोने पाऱ्यात कालवून त्याचा लेप दौतीवर देत आणि ती तापवीत. पारा उडून जाई, सोने चिकटून राही. पाऱ्याची ती विषारी वाफ मात्र कारागिराच्या छातीत जाई. श्रीमंतांच्या मेजावरील त्या झळाळीसाठी किती जणांनी आपली तब्येत गमावली!

आपल्याकडे लिहिण्याच्या साहित्यावर सजीवांच्या आकृत्यांपेक्षा वेलबुट्टी आणि सुलेखन यांकडे कल राहिला. बीदरच्या कारागिरांनी काळ्या धातूत चांदी जडवून सुंदर कलमदाने घडवली. कलमेचा मानही मोठा. कुरआनच्या अडुसष्टाव्या सूरहचे नावच 'अल्-कलम' आहे.

पण दौतीची किंमत धातूवर ठरते का? आमच्या अहमदनगरच्या किल्ल्याकडे पाहा. ऑगस्ट 1942 मध्ये 'भारत छोडो' आंदोलनातील नेत्यांना इंग्रजांनी येथे कैद केले. मौलाना आझादांनी येथेच मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून पत्रे लिहिली. पत्रे टपालात पडणार नाहीत, हे ठाऊक असूनही ते पहाटे उठून, स्वतः चहा करून लिहीत. एप्रिल 1943 मध्ये कलकत्त्यात त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम यांचे निधन झाले, तेव्हाही मौलाना याच तटबंदीआड होते. ती पत्रे 1946 मध्ये 'गुबार-ए-खातिर' या नावाने छापली गेली. पंडित नेहरूंनीही 1944 मध्ये येथेच 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. सोन्याचा मुलामा दिलेल्या दौतीवाचून या किल्ल्यात दोन अमर ग्रंथ जन्मले.

आमचे दादाजान काही ग्रंथकार नव्हते. निरक्षर शेजाऱ्यांची पत्रे आणि अर्ज ते उर्दूत, मराठीत लिहून देत. कोणाच्या मुलाची खुशाली, कोणाच्या जमिनीचा तंटा, कोणा लेकीचे माहेरी बोलावणे, सारे याच दौतीतून कागदावर उतरले. मोबदला म्हणून दुआ मिळे.

व्यापाऱ्याने सांगितलेली रक्कम फीच्या दशांशही नव्हती. आम्ही भावंडांनी थोडे थोडे घालून फी भरली. कलमदान चिंचेने घासून लख्ख केले, नवा सूफ घातला, काजळी आणि बाभळीच्या डिंकाची शाई भरली. भाचीने बोरू बुडवून पहिला कागद लिहिला. तो तिच्या शिष्यवृत्तीचा अर्ज नव्हता. तो तर मोबाइलवर भरावा लागतो. शेजारच्या बूढी अम्मांना नातवाला दोन ओळी कळवायच्या होत्या, त्या तिने लिहून दिल्या.

अम्मांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दादाजानांचा मोबदला तिलाही मिळाला.