स्प्रॉकेटमधला बहुभुज

मँचेस्टरमध्ये कारखाना चालवणाऱ्या हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस अभियंत्याने १८८० मध्ये बुश असलेल्या रोलर चेनचे पेटंट घेतले, आणि पिनच्या अरुंद कडेवर एकवटणारी झीज बुशच्या पूर्ण लांबीवर पसरल्याने साखळी वेगवान यंत्रांसाठीही भरवशाची ठरली. या साखळीच्या रोलरांना दातांमधल्या खोबणींत धरणारे चाक म्हणजे स्प्रॉकेट. ते गोल दिसत असले, तरी साखळी त्यावर कडीकडीने मोडत बसत असल्यामुळे रोलरांची केंद्रे जोडली असता जितके दात तितक्या बाजूंचा बहुभुज मिळतो, आणि चाकाची मुख्य मापे या बहुभुजातूनच निघतात.

बहुभुजाची प्रत्येक बाजू म्हणजे पिच, अर्थात लगतच्या दोन रोलरांच्या केंद्रांमधले अंतर. त्याच्या शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास तो पिच-व्यास. १८० अंशांना दातांच्या संख्येने भागून येणाऱ्या कोनाच्या साइनने पिचला भागले की हा व्यास मिळतो. भारतातील अनेक मोटारसायकलींवर असणाऱ्या ४२८ क्रमांकाच्या साखळीत पहिला ४ हा आकडा पिच ४/८ इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, असल्याचे सांगतो. तिच्यासाठीच्या १७ दातांच्या स्प्रॉकेटचा पिच-व्यास ६९.१२ मिलिमीटर येतो. दात आणि पिच यांच्या गुणाकाराला पायने भागणारा सोपा हिशेब मात्र ६८.७२ देतो, कारण त्यात सरळ बाजू कंस समजली जाते. पिच-व्यासातून रोलरचा ८.५१ मिलिमीटर व्यास वजा केला की खोबणींच्या तळांचा व्यास ६०.६१ मिळतो. बाहेरचा व्यास दातांच्या आकृतीवर अवलंबून असल्याने थोडा सैल असतो. त्याच कोनाच्या कोटँजंटमध्ये ०.६ मिळवून पिचने गुणण्याच्या प्रचलित सूत्राने तो सुमारे ७५.६ भरतो.

विषम दातांच्या चाकात एका खोबणीच्या नेमकी समोर दुसरी खोबण नसते, म्हणून कॅलिपरने तळाचा पूर्ण व्यास मोजताच येत नाही. अशा वेळी पिच-व्यासाला ९० भागिले दातसंख्या या कोनाच्या कोसाइनने गुणून मग रोलरचा व्यास वजा करतात. वरील चाकात हे माप ६०.३१ येते, आणि या ०.३ मिलिमीटरच्या फरकाकडे दुर्लक्ष केल्यास अचूक चाकही सदोष ठरवले जाऊ शकते.

प्रकारांची विभागणी त्यामानाने सोपी आहे. सपाट चकतीचा ए, एका बाजूला हब असलेला बी, दोन्ही बाजूंना हब असलेला सी आणि सुट्या हबवर बोल्टने बसणारा डी हे प्रकार शाफ्टवरील बैठकीवरून ठरतात. दातांचे गणित सर्वांत तेच राहते.

बहुभुजाची खरी किंमत चालताना मोजावी लागते. चाक समान वेगाने फिरले तरी साखळी प्रत्येक दातागणिक किंचित वरखाली होऊन तिचा वेग बदलतो. ११ दातांवर ही घट कमाल वेगाच्या सुमारे ४ टक्के असते, तर १७ दातांवर ती १.७ टक्क्यांवर येते. वेगवान चाकाला किमान १७ दात देण्याची शिफारस यामुळेच केली जाते. हा आकडा विषम असण्याचाही लाभ होतो: साखळीच्या कड्या सहसा सम असल्याने प्रत्येक दाताला आळीपाळीने आतली आणि बाहेरची कडी मिळते व झीज विभागली जाते. एकच पुढचे चाक असलेल्या माउंटन सायकलींवरील अरुंद-रुंद दातांची चाके मात्र मुद्दाम सम दातांची करावी लागतात, कारण तेथे झीज वाटण्यापेक्षा साखळी निसटू न देणे महत्त्वाचे असते आणि रुंद दाताला प्रत्येक फेरीत बाहेरचीच कडी हवी असते.