इसब, खाज आणि मोडलेली झोप

इसब हा त्वचेचा रोग मानला जातो आणि त्याची तीव्रताही लाली, चिरा, स्राव व जाड झालेले चट्टे पाहूनच ठरवली जाते. परंतु ज्यांना हा रोग वर्षानुवर्षे जडलेला असतो त्यांचे मोठे नुकसान रात्री होते, आणि दिवसा तपासणाऱ्या डॉक्टरला ते दिसत नाही. इसबाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे ॲटॉपिक डर्मटायटिस. त्वचेच्या बाह्य थराला बळकटी व ओलावा देणाऱ्या फिलाग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोष अनेक रुग्णांत या रोगाच्या मुळाशी असतात, हे २००६ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाच्या अर्विन मॅक्लीन यांच्या गटाने दाखवून दिले.

अशा कमकुवत त्वचेतून प्रक्षोभक पदार्थ आत शिरले की रोगप्रतिकारक पेशी इंटरल्युकिन नावाचे संदेशवाहक रेणू सोडतात, आणि त्यांपैकी इंटरल्युकिन-३१ तर थेट मज्जातंतूंवर कार्य करून खाज निर्माण करतो. या खाजेत हिस्टामिनचा वाटा थोडाच असल्यामुळे ॲलर्जीच्या नेहमीच्या गोळ्यांनी ती फारशी शमत नाही. त्यांतील गुंगी आणणाऱ्या गोळ्यांनी रुग्ण झोपतो खरा, पण ती झोप नैसर्गिक झोपेइतकी सकस नसते आणि सकाळी सुस्ती उरते.

संध्याकाळनंतर कॉर्टिसॉल या दाह आवरणाऱ्या संप्रेरकाची पातळी उतरते, त्वचेचे तापमान चढते आणि तिच्यातून अधिक पाणी उडून जाते, म्हणून रात्री खाज बळावते. ब्रिटनच्या एव्हन भागात १९९१-९२ च्या सुमारास जन्मलेल्या सुमारे १४ हजार मुलांच्या दीर्घ अभ्यासातून २०१९ मध्ये असे दिसले की, इसब असलेल्या मुलांच्या झोपेचे एकूण तास इतरांएवढेच होते, मात्र तिची प्रत खालावलेली होती. मूल आठ-नऊ तास अंथरुणात होते एवढ्यावर समाधान मानणाऱ्या पालकांनी ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी.

तुटक झोपेचा पहिला आघात अवधान, स्मरण आणि भावनांवरील ताबा यांवर होतो. इसब आणि अवधान-अभाव व अतिचंचलता यांचा संबंध अमेरिकेतील पाहण्यांत आढळला असून, ज्या मुलांची झोप बिघडलेली होती त्यांच्यात तो अधिक ठळक होता. हा संबंध म्हणजे कार्यकारणाचा पुरावा नव्हे, तरीही वर्गात चुळबुळणाऱ्या अशा मुलाला ‘व्रात्य’ ठरवण्यापूर्वी त्याची रात्र कशी गेली, हे विचारणे न्याय्य ठरेल. प्रौढांमध्ये नैराश्य, चिंता व आत्महत्येचे विचार यांचे प्रमाण इसब नसलेल्यांपेक्षा अधिक आढळते. त्यामागे निद्रानाश आणि लोकांच्या नजरा आहेतच, शिवाय दाह घडवणारे रेणू मेंदूच्या कार्यावरही परिणाम करत असावेत, असे संशोधकांना वाटते. मानसिक ताण उलट त्वचेची दुरुस्ती मंदावतो आणि खाज वाढवतो.

खाजवल्याने मेंदूतील सुखाची अनुभूती देणारी केंद्रे उद्दीपित होतात, हे मेंदूच्या प्रतिमांतून दिसले आहे. त्यामुळे ‘खाजवू नकोस’ हा घरोघरी ऐकू येणारा उपदेश निष्फळ तर असतोच, शिवाय सोसणाऱ्यावर अपराधाचे ओझेही टाकतो. याउलट, इंटरल्युकिन-४ व १३ यांचे कार्य रोखणाऱ्या आणि अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळालेल्या ड्युपिलुमॅब या औषधाच्या चाचण्यांत त्वचेबरोबर झोपही सुधारली व चिंता-नैराश्याची लक्षणेही कमी झाली, हे अत्यंत बोलके आहे. हे औषध महाग असले, तरी नियमित ओलावा देणारे मलम आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने योग्य काळ वापरलेले स्टेरॉइड मलम यांनीही बहुतेकांचा दाह आटोक्यात येतो. आपल्याकडे मात्र काहीजण स्टेरॉइडच्या धास्तीने ते टाळतात, तर काहीजण गजकर्ण आणि इसब यांत फरक न करता दुकानातून आणलेले मिश्र मलम महिनोन्‌महिने चोळत राहतात.

इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे तयार झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पोएम’ या सात प्रश्नांच्या प्रश्नावलीत, गेल्या आठवड्यात इसबामुळे किती रात्री झोपमोड झाली, असा एक प्रश्न आहे. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागातही तो मराठीतून विचारायला अर्धे मिनिट पुरते.