गडगडाट ऐकू आला की कॉलेजातच थांबा

मे महिना संपत आला की, आणि पुन्हा परतीच्या पावसात, शिरपूर जैनच्या आभाळाचा भरवसा नसतो. दुपारी तीनपर्यंत रखरखीत ऊन आणि चारच्या सुमारास काळेभोर ढग. नेमकी हीच कॉलेज सुटण्याची वेळ. मालेगाव, रिसोड, वाशीमला शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या मनात तेव्हा एकच धास्ती असते, एसटी चुकायला नको. म्हणून ती मैदान ओलांडून फाट्याकडे पळतात आणि पाऊस आला की कडुलिंबाखाली उभी राहतात. आम्हीही शिकत असताना हेच करत होतो. वाचलो, तो केवळ योगायोग.

विदर्भ-मराठवाड्यात दरवर्षी वीज पडून माणसे दगावतात. त्यांत शेतात राबणारे अधिक असतात. पण मोकळे मैदान आणि एकटे झाड हा धोका कॉलेजच्या आवारातही तेवढाच. झाडावर पडलेली वीज खोडातून शेजारच्या माणसावर उडी घेते, जमिनीतूनही पसरते.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे ३ सेकंद लागतात. ३० सेकंदांच्या आत आवाज आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. मग बाहेर पडू नका. बाहेर असाल तर पक्क्या इमारतीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे तिथेच थांबा. पाऊस थांबला म्हणजे धोका टळला, असे नाही.

आसरा म्हणजे स्लॅबची पक्की इमारत. सायकल स्टँडची टिनाची शेड, उघडा व्हरांडा आणि गच्ची नव्हे. वर्गात खिडक्या लावून घ्या, नळाला आणि प्लगला जोडलेल्या संगणकाला हात लावू नका. चार्जिंगला न लावलेला मोबाइल वापरायला हरकत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप परिसरातील विजेची सूचना साधारण अर्धा तास आधी देते.

कुणावर वीज पडलीच, तर त्याला हात लावल्याने शॉक बसत नाही. हा गैरसमज जीव घेतो. त्याला सुरक्षित जागी घ्या, १०८ ला फोन करा. श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहा. मदत येईपर्यंत थांबू नका.

पालकांनी कॉलेजला तीन गोष्टी विचाराव्यात. वादळात मुलांना कोणत्या खोल्यांत थांबवणार? सुटी झाल्यावर त्या खोल्यांची किल्ली कुणाकडे असते? शेवटची गाडी गेली तर मुलींची सोय काय? आम्ही ओळखतो अशा एका कॉलेजात पाच वाजता खोल्यांना कुलूप लागायचे आणि मुली गेटबाहेर भिजत उभ्या राहायच्या. पालकांनी मिळून सांगितल्यावर एक हॉल उघडा राहू लागला.

उशीर झाला की घरचे रागावतील, या भीतीनेही मुली पावसात निघतात. म्हणून ढग दाटले की आपणच फोन करावा: “बाई, तिथंच थांब. गाडी गेली तर जाऊ दे, आम्ही न्यायला येतो.”