नोकरीच्या अर्जाची भाषा

'अर्ज' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. समोर मांडणे, सादर करणे हा त्याचा मूळ अर्थ. मराठीत मात्र त्याला विनवणीची छटा चिकटली आणि शाळेत शिकविल्या जाणाऱ्या 'विनंती अर्जा'ने ती अधिकच दृढ केली. 'आपला आज्ञाधारक' या शब्दांपर्यंत पोचताना वाचणाऱ्यास अर्जदाराची नम्रता पुरेपूर कळते. त्याला काय येते, हे बहुधा कळत नाही. पदव्युत्तर शिक्षण संपवून अध्यापनाच्या वा संशोधनाच्या जागेसाठी केलेल्या अर्जांतही हा दोष आढळतो, आणि त्याची किंमत थोडी नाही. निवड समितीपुढे उमेदवार प्रथम कागदावरच उभा राहतो. पुष्कळांना त्यापुढे जाताच येत नाही.

व्यवहारात ज्याला बायोडेटा म्हणतात ते परिचयपत्र आणि त्यासोबतचे पत्र यांची कार्ये भिन्न आहेत. परिचयपत्र नोंद करते. सोबतचे पत्र त्या नोंदींचा जाहिरातीतील गरजेशी संबंध जोडते. पत्रात परिचयपत्राचीच पुनरुक्ती केली, तर हा संबंध जोडण्याचे काम वाचणाऱ्यावर पडते आणि तो ते करीलच असे नाही.

या दृष्टीने लिओनार्दो दा विंचीचे पत्र अभ्यासण्यासारखे आहे. १४८२ च्या सुमारास, वयाच्या तिशीत, त्याने मिलानचा सत्ताधारी लुदोविको स्फोर्झा याला उद्देशून ते लिहिले. त्याचा मसुदा मिलानच्या आंब्रोझियाना ग्रंथालयातील 'कोडेक्स अटलांटिकस' या संग्रहात आहे. अक्षर मात्र त्याचे स्वतःचे नसावे, असे अभ्यासकांचे मत आहे. फ्लॉरेन्सला लिओनार्दो चित्रकार म्हणून ओळखला जात होता. तथापि पत्रात प्रथम येतात ते सहज हलविता येणारे पूल, खंदकातील पाणी काढून टाकण्याचे उपाय, तोफा, भुयारे आणि आच्छादित रथ. शांततेच्या काळातील वास्तुरचना दहाव्या कलमात येते. शिल्प आणि चित्रकला त्याच्याही नंतर. लेखकाला आपल्या कोणत्या गुणाचा अभिमान आहे, यावर हा क्रम ठरलेला नाही. युद्धाची चिंता असलेल्या वाचकाला काय हवे, यावर ठरला आहे. लुदोविकोच्या पित्याच्या स्मारकासाठी कांस्याचा अश्व घडविण्याची तयारी शेवटाकडे दर्शविली आहे, तीही याच जाणिवेने. अखेरीस, यांतील काही अशक्य वाटल्यास प्रात्यक्षिक करून दाखविण्याची सिद्धता आहे. (अश्वाची मातीची प्रतिकृती पुढे तयार झाली; कांस्य मात्र १४९४ मध्ये तोफांकडे वळविले गेले.)

हा क्रमविचार आजच्या अर्जदाराला सहज साधण्यासारखा आहे. बोलींच्या क्षेत्रीय सर्वेक्षणात काम केलेल्या विद्यार्थ्याने कोशकार्यालयाकडे अर्ज करताना शब्दसंकलन व अर्थनिश्चिती पुढे आणावी. महाविद्यालयाकडे करताना, त्या सामग्रीवरून पदवीच्या वर्गाला ध्वनिविचार कसा शिकविता येईल, ते सांगावे. तथ्ये तीच, त्यांची मांडणी बदलते. लिओनार्दोच्या पत्रात केलेल्या कामापेक्षा करता येण्याजोग्या कामाची आश्वासनेच अधिक आहेत. त्या बाबतीत मात्र त्याचे अनुकरण न केलेले बरे.

कारण परिचयपत्रात क्रियापदांना पुराव्याचे मोल असते. लेख 'पाठविला', 'स्वीकारला गेला' आणि 'प्रसिद्ध झाला' ही तीन भिन्न विधाने आहेत. 'प्रबंध सादर केला' म्हणजे पदवी मिळाली असे नव्हे. 'प्रकल्पात सहभाग' या शब्दप्रयोगाखाली तर प्रश्नावली भरण्यापासून संपादनापर्यंत काहीही लपू शकते. नेमके काय केले ते लिहिणे हेच अर्जदाराच्या हिताचे. ज्याने खरोखर संपादन केले, त्याचेच या मोघमपणात सर्वाधिक नुकसान होते.

नावांची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण तशी नाही. 'दीक्षित' हे आडनाव रोमन लिपीत लिहिताना पहिल्या दीर्घ स्वरासाठी कोणी 'आय' वापरतो, कोणी दोन 'ई'. पदवीच्या प्रमाणपत्रावर एक रूप आणि प्रसिद्ध लेखावर दुसरे असेल, तर सूचीत शोधणाऱ्याला तो लेख त्या उमेदवाराच्या नावावर सापडत नाही. अशा वेळी दोन्ही रूपे परिचयपत्रात नोंदवावीत आणि पुढील लेखनासाठी एकच कायम करावे.