खाटेवरचा माणूस आणि चार खिडक्या

कळंबच्या चिंतामणीचे दर्शन पायऱ्या उतरून घ्यावे लागते, कारण गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे. उतरले की परत चढणे आलेच, म्हणून गुडघे गेलेली माणसे वरूनच हात जोडतात. सरकारी मदतीच्या बाबतीतही तालुक्यातले कितीतरी म्हातारे असेच वरून हात जोडून घरी जातात. कारण कुणीतरी सांगितलेले असते, “बुवा, तुमचं बसत नाही.”

हे सांगणारा बहुधा खोटे बोलत नसतो. त्याचे म्हणणे एका योजनेपुरते खरे असते आणि ऐकणारा ते सगळ्या योजनांना लावतो. लांबलेले आजारपण आणि म्हातारपण यांसाठी आपल्याकडे एकच योजना आणि एकच पात्रता अशी सोय नाही. खिडक्या चार आहेत आणि प्रत्येकीचा प्रश्न वेगळा आहे. तहसील विचारते, उत्पन्न किती? आयुष्मान कार्ड विचारते, वय किती? दिव्यांग मंडळ विचारते, टक्के किती? आणि उपविभागीय अधिकाऱ्यांच्या (एसडीओंच्या) न्यायाधिकरणात विचारतात, पोरे सांभाळतात की नाही? एका खिडकीचे उत्तर दुसरीकडे नेले की गैरसमज तयार होतो.

समजा, तालुक्यातल्या एका खेड्यात ७२ वर्षांचे कास्तकार लकव्याने खाटेवर पडले आहेत. बायको ६४ वर्षांची आहे. वावर मुलाच्या नावावर केले आहे, घरात सून आहे. या घराला गावात काय काय ऐकायला मिळते, ते एकेक करून पाहू.

गैरसमज १ : “पोरगा आहे ना, मग निराधारचे पैसे कसे भेटतील?”

वस्तुस्थिती : घोळ ‘निराधार’ या शब्दाने केला आहे. ६५ वर्षांवरच्यांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. तिथला मुख्य प्रश्न कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाचा आहे आणि मर्यादा २१,००० रुपयांची आहे. मुलाची कमाई दाखल्यात धरली गेली तर अर्ज अडू शकतो, पण मुलगा आहे एवढ्यावरून अर्ज बाद होत नाही. सोबत महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचे वास्तव्य लागते. ६५ वर्षांच्या आतल्यांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. दिव्यांग, विधवा, परित्यक्ता, पक्षाघात, कर्करोग, क्षयरोग किंवा कुष्ठरोग यांसारख्या आजारांचे रुग्ण आणि आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांची कुटुंबे तिच्यात येतात. तिथेही सर्वसाधारण मर्यादा २१,००० रुपयांची आहे, दिव्यांगांसाठी मात्र ती ५०,००० रुपये आहे. दोन्ही योजनांत जुलै २०२३ पासून महिन्याला १,५०० रुपये मिळतात. दिव्यांग लाभार्थ्यांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये आहेत.

जरा हिशेब करून पाहा. महिन्याला १,५०० म्हणजे वर्षाला १८,००० रुपये. ज्या मर्यादेत बसल्यावर ही रक्कम मिळते ती मर्यादा २१,००० ची, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. मदत वाढत गेली, मर्यादा तिथेच राहिली. “बसत नाही” असे ऐकावे लागते त्याचे मोठे कारण हेच आहे आणि त्यात अर्जदाराचा काही दोष नाही.

गैरसमज २ : “दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर अर्जच करू नये.”

वस्तुस्थिती : ही अट इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेची, म्हणजे केंद्राच्या वाट्याची आहे. तो वाटा ७९ वर्षांपर्यंत २०० रुपये आणि ८० नंतर ५०० रुपये इतकाच आहे. वरची भर राज्य घालते. ग्रामीण भागातली दारिद्र्यरेषेची यादी २००२ च्या पाहणीवर उभी आहे, त्यानंतर गरीब झालेल्या घराचे नाव तिच्यात कुठून येणार? अशांसाठीच श्रावणबाळ योजनेत दुसरा गट आहे. यादीत नाव नसले, तरी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मर्यादेत असला की अर्ज करता येतो. जन्माची नोंद नाही म्हणूनही काही जण थांबतात. शाळा सोडल्याचा दाखला किंवा मतदार यादीतले वय चालते. तेही नसेल तर सरकारी ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाने दिलेला वयाचा दाखला चालतो.

गैरसमज ३ : “वय झालं की पगार आपोआप सुरू होतो, आणि एकदा सुरू झाला की झाला.”

वस्तुस्थिती : या योजनांत आपोआप काही होत नाही. आपल्या उदाहरणातली बायको ६४ वर्षांची आहे. तिला लाडकी बहीण योजनेचे पैसे मिळत असतील, तर ते वयाच्या ६५ पर्यंतच. पुढे श्रावणबाळचा अर्ज वेगळा करावा लागतो. दोन्ही पैसे एकत्र घेता येत नाहीत, कारण दुसऱ्या सरकारी योजनेतून १,५०० किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण लागू होत नाही. सुरू झालेला पगारही हयातीच्या दाखल्यावर टिकतो आणि तो दाखला दरवर्षी द्यावा लागतो. पैसे आता थेट आधार जोडलेल्या बँक खात्यात येतात. त्यामुळे खाते आधारशी जोडलेले नसेल, तर मंजूर झालेला पगारही हातात पडत नाही. खाटेवरच्या माणसाच्या बोटांचे ठसे यंत्राला लागत नाहीत ही नेहमीची अडचण आहे. हप्ता थांबायची वाट न पाहता तलाठ्याला आणि संजय गांधी योजनेच्या शाखेला ते आधीच लेखी कळवून ठेवावे.

गैरसमज ४ : “आयुष्मान कार्ड आहे, आता सगळा खर्च सरकारचा.”

वस्तुस्थिती : इथे गैरसमज दोन्ही बाजूंनी आहे. कार्ड फक्त गरिबांचे, असे काही जण समजतात. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला उत्पन्न न विचारता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. पेन्शनर असो की कास्तकार, आधारवरचे वय पुरते. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि घरात ७० वरचे दोघे असतील तर ते दोघांत मिळून आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनाही आता राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली आहे. पिवळे कार्ड नाही म्हणून परत फिरण्याचे कारण उरलेले नाही.

दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. ही योजना रुग्णालयात भरती झालेल्यांसाठी, ठरलेल्या उपचारांसाठी आणि यादीतल्या रुग्णालयांसाठी आहे. लकव्यानंतर आठ दिवस भरती राहिलात तर तो खर्च बसेल. घरी आल्यावर पुढची आठ वर्षे लागणारे डायपर, रोजच्या गोळ्या, व्यायाम करून घेणारा माणूस, दिवसातून चार वेळा कूस बदलून देणारे हात, यांतले काहीही या कार्डात बसत नाही.

गैरसमज ५ : “म्हातारपणाला कोण अपंगाचा दाखला देतं?”

वस्तुस्थिती : वय झाले म्हणून दाखला मिळत नाही, हे खरे. पण लकव्याने गेलेला हात-पाय वयामुळे गेलेला नाही. दाखला देताना वय पाहत नाहीत, कायमचे किती नुकसान झाले ते मोजतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत पार्किन्सन आहे, मानसिक आजार आहे आणि विदर्भात घरोघरी माहीत असलेला सिकलसेलही आहे. बहुतेक योजनांसाठी किमान ४० टक्के लागतात. अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी सरकारी रुग्णालयात होते आणि त्यावर यूडीआयडी कार्ड मिळते. वर पाहिले तसे, या कार्डाने संजय गांधी योजनेची उत्पन्नमर्यादा २१,००० वरून ५०,००० वर जाते आणि पगार १,५०० चा २,५०० होतो. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ग्रामसभेत त्याचा हिशेब मागता येतो.

मतिमंद, स्वमग्न किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या आईबापांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. भरती न होता घेतलेले उपचार आणि थेरपीही त्यात येतात, उत्पन्नाची अट नाही.

गैरसमज ६ : “वयोश्रीचे महिन्याला तीन हजार भेटतात.”

वस्तुस्थिती : मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे ३,००० रुपये एकदाच मिळतात. वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचे उत्पन्न २ लाखांपर्यंत असावे लागते. पैसे चष्मा, श्रवणयंत्र, काठी, व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची अशा साधनांसाठी आहेत. श्रावणबाळच्या मर्यादेत जे बसले नाहीत, ते इथे सहज बसू शकतात.

गैरसमज ७ : “वावर पोराच्या नावावर करून दिलं. आता काय, तो ठेवील तसं राहायचं.”

वस्तुस्थिती : आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ सालचा आहे. सांभाळत नसलेल्या मुलांकडून निर्वाहखर्च मागायचा अर्ज एसडीओंच्या न्यायाधिकरणात करता येतो. महिन्याला १०,००० रुपयांपर्यंतचा आदेश होऊ शकतो आणि निकाल साधारण ९० दिवसांत अपेक्षित आहे. कायद्यातल्या ‘मुले’ या शब्दात मुलगी आणि सज्ञान नातवंडेही आहेत. मूलबाळ नसेल तर ज्याला इस्टेट मिळणार त्या नातेवाइकावर ही जबाबदारी येते.

वावराचे कलम २३ वे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडली तर परत घेता येते. पण अट होती हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. जानेवारी २०२५ च्या निकालात त्याच न्यायालयाने एका आईने मुलाला दिलेले बक्षीसपत्र रद्द ठरवले. तिथे सेवा करण्याचे वचन कागदावर होते. म्हणून बक्षीसपत्र करणारच असाल, तर ‘मरेपर्यंत सांभाळ करील’ ही ओळ त्यात असलीच पाहिजे. ती लिहायला संकोच वाटतो हे समजू शकते. पुढे न्यायाधिकरणात मात्र तीच ओळ उपयोगी पडते.

गैरसमज ८ : “दवाखान्यात नेता येत नाही, म्हणजे सरकारी सेवा संपली.”

वस्तुस्थिती : वृद्धांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी भेटी देणे हे काम लिहिलेले आहे. गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिराच्या ठरलेल्या सेवांतही वृद्धांची काळजी आणि वेदनाशमन आहे. मागणारा कुणी नसेल तर या सेवा कागदावरच राहतात. आशाताईंकडे आणि आरोग्य मंदिरात माणसाचे नाव ‘खाटेवरचा रुग्ण’ म्हणून नोंदवा.

चारही खिडक्या फिरून झाल्यावर एक रिकामी जागा उरते. जर्मनीत १९९५ पासून आणि जपानमध्ये २००० पासून दीर्घकाळच्या शुश्रूषेचा सार्वजनिक विमा आहे. तिथे पाहणी करणारा माणूस विचारतो, “याला स्वतः उठता येते का? जेवता येते का?” आणि त्या गरजेवरून मदत ठरते. आपल्याच देशात केरळने २००८ मध्ये वेदनाशमनाचे धोरण केले आणि घरपोच सेवेत स्थानिक पंचायतींना उतरवले. आपल्या चार खिडक्या उत्पन्न, वय, टक्के आणि पोरे विचारतात. दिवसभर कूस कोण बदलते, हे कुठलीच विचारत नाही. ते काम सून करते, आणि तिच्या मजुरीचा बुडालेला दिवस कुठल्याच रकान्यात येत नाही.

तो रकाना येईल तेव्हा येईल. तोवर घरात कुणी खाटेवर असेल तर या आठवड्यात तीन कामे करा. ७० वरच्यांचे वय वंदना कार्ड काढा, बँक खाते आधारशी जोडले आहे का ते पाहा आणि लकव्याच्या उपचाराचे कागद एका पिशवीत जपून ठेवा, कारण दिव्यांग मंडळासमोर तेच लागतात. कुठे जायचे कळत नसेल तर १४५६७ हा ज्येष्ठांचा मोफत मदत क्रमांक आहे. आणि कुणी “तुमचं बसत नाही” म्हणाले, तर एवढेच विचारा, “कुठल्या योजनेत?”