मन आजारी पडते तेव्हा

दिवाळीनंतर काका-काकू ऊसतोडीला गेले आणि दहावीतला माझा चुलतभाऊ पालीत आजीजवळ राहिला. हळूहळू त्याचे खेळणे सुटले, जेवण कमी झाले, रात्ररात्र तो जागू लागला, साध्या बोलण्यावरही चिडू लागला. आजी म्हणे, "बाहेरचं झालंय." मी त्याला आळशी म्हणालो. पुढे मानसशास्त्राच्या तासाला कळले, ही नैराश्याची लक्षणे होती.

दुःख सर्वांनाच होते. परंतु अशी अवस्था दोन आठवडे टिकली, तर तो आजार असू शकतो. किशोरवयात तो पुष्कळदा रडण्याऐवजी चिडचिडीतून दिसतो.

समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे. समुपदेशक आधी ऐकून घेतो, 'मी निरुपयोगी आहे' असे विचार तपासायला शिकवितो, दिवसाची लहान लहान कामे ठरवायला मदत करतो. आजार तीव्र असल्यास मनोविकारतज्ज्ञ औषधेही देतात. २०२२ साली सुरू झालेल्या 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून, विनामूल्य, रात्रंदिवस बोलता येते. कोणी मरणाची भाषा करू लागला, तर मात्र त्याला क्षणभरही एकटे सोडू नये.

भावाने त्या फोनवर प्रथमच मन मोकळे केले, तेव्हा मी शेजारी गप्प बसलो होतो. मित्रहो, ते गप्प बसून ऐकणेही मला शिकावेच लागले.